लग्नाच्या पोशाखावर दागिने कसे निवडायचे: आधी गळा बघा, मग हार

मावसबहिणीच्या लग्नात तिला तयार करायचं काम माझ्याकडे होतं. पोशाखाच्या गळ्यावर बारीक मण्यांचं भरगच्च भरतकाम होतं आणि त्यावर घालायला आणलेला हारही तेवढाच भरगच्च. दोन्ही आपापल्या जागी सुरेख. हार गळ्यात घालून आरशात पाहिलं तर ना भरतकाम नीट दिसेना, ना हार. नुसतंच काहीतरी चकाकणारं गळ्याभोवती गोळा झाल्यासारखं वाटत होतं. तिने हार काढून माझ्या हातात दिला, कानातले तेवढे राहू दिले, आणि एकदम तिचा चेहरा उठून दिसला.

तेव्हापासून कुणी लग्नाच्या दागिन्यांबद्दल विचारलं की मी आधी पोशाखाचा गळा कसा आहे ते विचारते. साडी असो, घागरा असो की गाऊन, पोशाखाने जी जागा मोकळी सोडली आहे तिथेच दागिना शोभतो. ती जागा ओळखता आली की बाकीची निवड पुष्कळ सोपी होते. ती कशी ओळखायची आणि पुढे काय काय तपासायचं, ते क्रमाने सांगते.

१. पोशाख पक्का झाल्याशिवाय हार घेऊ नका

पोशाख शिवून, अंगावर घालून, शेवटची फिटिंग झाली की समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून ठेवा. फोटोत मान सरळ हवी आणि केस लग्नाच्या दिवशी जसे बांधणार आहात साधारण तसेच हवेत. शिंप्याकडून कापडाचा उरलेला तुकडा, भरतकामाचा एखादा धागा आणि अस्तराचा तुकडा मागून घ्या. हे तीन तुकडे एका छोट्या पिशवीत घालून दागिने बघायला जाल तिथे सोबत न्या. फोनमधल्या फोटोवरून रंग जुळवण्यात फसगत होते. फोनचा कॅमेरा पांढऱ्या आणि मोतिया रंगातला फरक स्वतःच्या मनाने कमी-जास्त करतो.

आजीचा किंवा आईचा एखादा दागिना घालायचाच असं आधीच ठरलं असेल, तर क्रम उलटा करा. दागिना घेऊनच शिंप्याकडे जा आणि त्याला जागा मिळेल असा गळा कापून घ्या. पोशाख शिवून झाल्यावर त्या दागिन्याची आठवण येणं, ही सगळ्यात जास्त हळहळ लावणारी चूक आहे.

२. गळा आणि हाराची लांबी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हारांच्या लांबीची ढोबळ मापं ठरलेली आहेत. १४ ते १६ इंचांचा हार मानेच्या तळाशी लपेटून बसतो, त्याला आपण चोकर म्हणतो. १७ ते १९ इंचांचा हार गळ्याखालच्या हाडांवर किंवा जरा खाली येतो. २० ते २४ इंचांचा छातीच्या वरच्या भागावर आणि २८ ते ३६ इंचांचा त्याच्याही बराच खाली लोंबतो. पण मान सगळ्यांची सारखी नसते. बारीक, लांब मानेवर १८ इंचांचा हार जिथे उतरतो, तिथे भरलेल्या मानेवर तो पोहोचतही नाही.

म्हणून घरीच एक काम करा. जाडसर दोरा किंवा सुतळी घ्या, पोशाख अंगावर घाला आणि आरशासमोर दोरा गळ्याभोवती धरून वर-खाली सरकवून पाहा. जिथे डोळ्यांना बरं वाटेल तिथे खूण करा आणि दोरा पट्टीवर मोजा. हाच तुमच्या हाराचा आकडा. दुकानात जाताना हा दोराही सोबत न्या.

दोरा सरकवताना एकच गोष्ट बघायची: हाराची खालची कड आणि कापडाची वरची कड यांच्यात किती अंतर पडतंय. निदान दोन बोटं त्वचा मोकळी दिसली पाहिजे, नाहीतर हार सरळ कापडावर, स्पष्ट खाली आला पाहिजे. अर्धा त्वचेवर आणि अर्धा कापडावर असा हार अजिबात नको. तो दिसायला चुकीच्या मापाचा वाटतो आणि दर श्वासाला कापडाच्या कडेला अडकतो. पदक असेल तर ते नेमकं त्या कडेवर चढतं, उलटं होतं आणि दिवसभर तुमचा हात ते सरळ करण्यातच गुंततो. फोटोंमध्येही मग हात गळ्याशीच दिसतो.

आता गळ्यांचे आकार. व्ही गळ्याला टोक असतं, त्यामुळे मधोमध लहानसं पदक असलेला नाजूक हार तिथे हमखास जमतो, फक्त पदक व्हीच्या टोकाच्या वर थांबायला हवं. गोल गळ्यात गोलाईने बसणारा हार चांगला दिसतो, पण तो गोल कापडाच्या गोलापेक्षा लहान हवा. चौकोनी गळ्यात मात्र मला गोल हार खटकतो. तिथे टोकदार पदक किंवा सरळ आडव्या रेषेत बसणारा हार घालून पाहा, नाहीतर गळा मोकळा ठेवून कानांवर भर द्या.

खांदे उघडे ठेवणारा किंवा हृदयाच्या आकारात कापलेला गळा असेल तर मोठी जागा मोकळी सापडते. ठसठशीत हार घालायची हौस असेल तर त्याला यापेक्षा चांगली जागा नाही. तरीही एकदा हार न घालताही आरशात पाहा. उघडे खांदे आणि गळ्याची हाडं कधीकधी स्वतःच इतकी देखणी दिसतात की तिथे काहीच घालावंसं वाटत नाही.

बोट नेक, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जवळजवळ सरळ गेलेला गळा, हार मागतच नाही. २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांच्याशी झालेल्या लग्नात मेगन मार्कल यांनी बोट नेकचा साधा, भरतकाम नसलेला गाऊन घातला होता. गळ्यात काहीही नव्हतं. डोक्यावर हिऱ्यांची पट्टी होती आणि कानांत छोटे हिरे. ते फोटो बघितले की मोकळा गळा हाही निवडीचा भाग कसा असतो ते कळतं. बंद गळा किंवा हायनेकचंही तसंच. तिथे चोकर घातला तर मान आखूड दिसते. एखादा लांब सर कापडावर सोडता येतो, पण कापड साधं असेल तरच.

हॉल्टर गळ्याच्या पट्ट्या मानेकडे जातात, तिथे हाराची आणि पट्ट्यांची भांडणं होतात. हार सोडून द्या. एका खांद्याच्या पोशाखात दोन्ही बाजू सारख्या नसतात, मग सारख्या बाजूंचा हार तिरका पडल्यासारखा दिसतो. कानातले आणि एखादं कडं पुरे.

पाठ खोल असेल तर तीही जागा मोकळी आहे, हे पुष्कळजणी विसरतात. हाराचा फासा आणि त्याची लोंबणारी शेपटी मागून दिसणार आहे. फासा सुबक हवा, किंवा साखळीचं टोक मुद्दाम पाठीवर सोडून त्याला एक मोती अडकवता येतो. लग्नात लोक तुम्हाला मागूनही खूप वेळ बघत असतात.

३. रंग: पांढरा एक नसतो, सोनंही एक नसतं

शुभ्र पांढऱ्या कापडाजवळ चांदी, प्लॅटिनम किंवा व्हाइट गोल्ड स्वच्छ दिसतं. मोतिया किंवा सायीच्या रंगाच्या कापडाजवळ तेच कधीकधी कापडाला मळकट करून टाकतं. तिथे पिवळं किंवा गुलाबीसर सोनं हवं. हे मी ठामपणे सांगते, कारण स्वतःच्या लग्नात मी यात चुकले. माझा पोशाख मोतिया होता. दुकानाच्या दिव्यांत त्याचा तुकडा चांदीच्या हाराशेजारी छान दिसला म्हणून हार घेतला. लग्नाच्या सकाळी खिडकीजवळ उभी राहिले तर पोशाख आठ दिवस वापरलेला वाटत होता. ऐन वेळी आईच्या सोन्याच्या साखळीने निभावलं.

त्यामुळे दागिना आणि कापडाचा तुकडा नेहमी दोन उजेडांत बघा: दारात नेऊन दिवसाच्या उजेडात, आणि पिवळ्या दिव्याखाली. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा: पिवळसर बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, तर भर दुपारचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास. समारंभ ज्या वेळी आहे त्या उजेडाचं मत शेवटचं माना.

सोन्याच्या छटेचंही गणित असतं. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के असतं, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. बाकीची भर तांबं, चांदी अशा धातूंची. तांबं जास्त पडलं की छटा गुलाबी होते. म्हणून २२ कॅरेटचा हार आणि १८ कॅरेटचे कानातले शेजारी शेजारी आले की दोन वेगळ्या घरचे वाटतात. व्हाइट गोल्डवर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या, चमकदार धातूचा मुलामा असतो. तो झिजला की खालचं पिवळसर अंग डोकावतं. जुना दागिना घालणार असाल तर त्याला आधी नव्याने मुलामा करून घ्या.

पोशाखावर जरीचं किंवा टिकल्यांचं काम असेल तर आणखी सोपं. धातू जरीच्या रंगाचा घ्यायचा. रंगीत खडे हवे असतील तर भरतकामात जो रंग अगदी थोडा, कुठेतरी कोपऱ्यात आलाय, तो निवडा. पोशाखाचा मुख्य रंग खड्यातही आणला तर खडा कापडात हरवतो.

४. कापडाचा पोत, आणि धागा ओढला जाण्याची भीती

साटनसारखं गुळगुळीत, चमकणारं कापड असेल तर मोती फार छान दिसतात, दोघांची चमक एकाच मवाळ जातीची आहे. साध्या, मॅट कापडावर हिरे किंवा कापलेले खडे उठून दिसतात. लेस आधीच नक्षीदार, तिच्याजवळ साधी साखळी किंवा एकेक खडा बरा. भरगच्च कामाच्या कापडाबद्दल मावसबहिणीची गोष्ट सांगितलीच आहे.

नेट आणि लेस यांच्याबाबतीत दिसण्यापेक्षा अडकण्याची काळजी जास्त. खड्याला धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या वर आलेल्या असतील तर नेटचा धागा त्यात अडकतो. नवरी मान वळवते, एक सूक्ष्म टर्र असा आवाज येतो आणि खांद्याशी मुंगीएवढं भोक पडतं. ते भोक मग दर तासाला मोठं होत जातं. घ्यायच्या आधी कापडाचा तोच तुकडा दागिन्यावरून दोन्ही दिशांनी हलकेच फिरवा. किंचितही अडकला तर नख्या घासून गुळगुळीत करून द्यायला सांगा, नाहीतर कोंदणात पूर्ण बसवलेल्या खड्यांचा दागिना घ्या. मनगटावरचे दागिने तर जरूर असे तपासा. हात दिवसभर पोशाखावरून फिरत असतो. बाह्या लेसच्या आणि लांब असतील तर कडी-बांगड्या बाहीवरून घालायचा मोह सोडून द्यावा, असं माझं मत आहे.

५. कान

हारापेक्षा कानातल्यांकडे लोकांचं लक्ष जास्त जातं, कारण बोलताना सगळे चेहऱ्याकडे बघतात. केस वर बांधले असतील तर लोंबते कानातले मोकळेपणी हलतात. केस सोडलेले असतील तर लांब झुमके केसांत गुंततात, मग कानाच्या पाळीला घट्ट बसणारे, जरा मोठे टॉप्स बरे. गळ्यात ठळक काही असेल तर कान शांत ठेवा, गळा मोकळा असेल तर कानांना मुभा द्या. चष्मा घालणार असाल तर कानातले चष्मा लावूनच निवडा. कानाच्या वरच्या कडेला बसणारे दागिने चष्म्याच्या दांडीला टेकतात आणि संध्याकाळपर्यंत तिथे दुखायला लागतं.

वजनाचं मात्र कौतुक करू नका. घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर एक कानातलं ठेवून बघा. दिवसभर घालायचं तर एका कानाला १० ग्रॅमच्या वर मी सहसा जात नाही. त्याहून जड हवंच असेल तर कानामागून केसांत अडकवायची आधाराची साखळी, म्हणजे वेल, लावून घ्या, भार पाळीवरून केसांकडे जातो. कानाचं भोक आधीच ओघळलेलं असेल तर हे सोडून चालणारच नाही. फिरकी नीट बसते का तेही पाहा आणि दोन-चार जादा फिरक्या घेऊन ठेवा. भेटायला येणारा प्रत्येकजण मिठी मारतो आणि फिरकी निसटते ती तेव्हाच.

६. हात आणि डोकं

इथे थोडक्यात. अंगठीचं माप संध्याकाळी घ्या, उन्हाने आणि दिवसभराच्या धावपळीने बोटं जरा सुजतात. डोक्यावर काही ठळक असेल, मुकुट, पट्टी किंवा फुलं, तर हार बारीक करा. पदर किंवा ओढणी डोक्यावरून घेणार असाल तर ती केसांत कुठे टाचणार ते दागिन्यांसकट ठरवा, नाहीतर टाचणी आणि कानातल्याची कडी एकमेकांत अडकतात.

७. त्वचा

स्वस्त धातूच्या किंवा मुलामा दिलेल्या दागिन्यात निकेल असू शकतं. त्याची अॅलर्जी असेल तर पुरळ लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी उमटतं. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी घालून बघण्याला काही अर्थ नाही. निदान तीन आठवडे आधी दागिना दोन-तीन दिवस रोज काही तास घाला. कानाच्या पाळीवर किंवा मानेवर खाज, लाली आली तर तो दागिना बाजूला ठेवा. वरचा मुलामा टिकेल अशा आशेवर राहू नका, घामाने तो झिजतो.

८. जुने दागिने आणि मोती

जुना दागिना कानाजवळ धरून हळूच हलवा. खडखड आवाज आला तर एखादा खडा सैल आहे. फासा दहा वेळा उघडून-लावून बघा. मोत्यांचा सर उभा धरला आणि मोत्यांमधून दोरा दिसायला लागला तर तो ताणला गेलाय, नव्याने गाठवून घ्या. दोन मोत्यांमध्ये गाठ असली की सर तुटला तरी एकच मोती घरंगळतो, सगळे नाही.

मोती खूप मऊ असतात. कठीणपणाचं ‘मोह्स’ नावाचं १ ते १० असं माप आहे, आकडा मोठा तितकी वस्तू कठीण. त्यावर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पण मोती जेमतेम २.५ ते ४.५. शिवाय ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यामुळे अत्तर, घाम, केसांचा स्प्रे यांनी त्यांची चमक जाते. त्यांना खड्यांच्या दागिन्यांबरोबर एका डबीत कोंबू नका.

दुरुस्त्या महिनाभर आधी उरका. २० नोव्हेंबर १९४७ ला, पुढे ब्रिटनच्या राणी झालेल्या एलिझाबेथ लग्नासाठी तयार होत असताना त्यांच्या मुकुटाची चौकट तुटली आणि जवाहिऱ्याकडून तो घाईघाईने दुरुस्त करून आणावा लागला. गळ्यात घालायचे मोत्यांचे सर त्याच सकाळी दुसऱ्या राजवाड्यात, लग्नाच्या भेटींबरोबर मांडलेले राहिले होते, ते आणायला माणूस पळाला. राजवाड्यातही हे होतं, तर आपल्या घरात तर होणारच. म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी सगळे दागिने एका जागी आणून एकदा मोजा.

९. रंगीत तालीम

पोशाख, दागिने, चपला, केस, सगळं एकदा पूर्ण घाला आणि तीन तास वावरा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही. खाली बसा, उठा, वाकून कुणाच्या तरी पाया पडून बघा, दोन्ही हात वर करा, जेवा, कुणाला तरी घट्ट मिठी मारा. वाकल्यावर लांब हार पुढे झोके घेत ताटात जातो का? हात वर केला की बांगडी कोपरापर्यंत घसरते का? मानेवर फाशाच्या जागी लाल वळ उठतो का? मग दहा पावलांवरून फोटो काढायला सांगा, एक फ्लॅश लावून आणि एक न लावता. फ्लॅशमध्ये काही खडे पांढरे ठिपके होऊन जातात.

तालमीनंतर आरशासमोर उभं राहून एकेक दागिना काढून बघा. जो काढल्यावर चुकल्यासारखं वाटतं, तो ठेवा. जो काढला तरी काही फरक पडत नाही, तो घरी राहू दे. तो कितीही महाग असला तरी.

१०. लग्नाच्या दिवशी

अत्तर, केसांचा स्प्रे आणि मेकअप आधी, मग पोशाख, आणि दागिने सगळ्यात शेवटी. त्यातही मोती अगदी शेवटी. हार घालताना पोशाखावर स्वच्छ ओढणी पसरून घ्या, फासा हातातून सुटला तर कापडाला खरचटणार नाही. जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, जी तुमच्याबरोबर शेवटपर्यंत थांबणार आहे तिच्याकडे. तिच्या पिशवीत जादा फिरक्या, सेफ्टी पिना, पोशाखाच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, छोटी कात्री आणि प्रत्येक दागिन्याची वेगळी डबी असू दे. डबीवर आत काय आहे ते लिहून ठेवा.

रात्री सगळं उतरवताना घाई होते आणि कान दुखत असतात, तरी पाच मिनिटं काढा. प्रत्येक मोत्याच्या सरावरून किंचित ओलसर, मऊ फडकं फिरवा आणि तो उशीवर आडवा वाळू द्या, टांगू नका. साखळ्यांचे फासे लावूनच डबीत ठेवा म्हणजे गुंता होत नाही. कानातले जोडीने मोजा. आणि पोशाख घडी करण्याआधी एकदा उजेडात झटकून बघा, निसटलेला खडा बहुतेकदा लेसच्या घडीत सापडतो.